भेगेवरची काच

इमारतींच्या दुरुस्तीचा धंदा करणाऱ्याला कोणी आनंदाच्या प्रसंगी बोलावत नाही. घर बांधणाऱ्याला पेढे मिळतात, वास्तुशांतीला शाल-नारळ मिळतो. आम्हाला मिळतो तो गळक्या छताखालच्या बादलीशेजारी उभ्यानं घेतलेला चहा, आणि त्याबरोबर आधीच्या कंत्राटदाराला घातलेल्या शिव्या. पुढे आपल्याही नावानं त्याच घातल्या जाणार हे ठाऊक असल्यामुळे मी त्या मुकाट्यानं ऐकून घेत असे.

ऐंशीच्या दशकात डिप्लोमा करून मी नौपाड्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये लागले. राहायला डोंबिवलीत, कामं ठाणे-कल्याण पट्ट्यात कुठंही. साइटवर बाई उतरली की लोक आधी तिच्या मागून कोणी साहेब येतोय का ते बघत. कोणी येत नाहीसं पाहून मग नाइलाजानं मला भेग दाखवत. भेग दाखवायला माणसं किती लाजतात हे या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. विठ्ठलवाडीच्या एका चाळीत एका काकांनी स्वयंपाकघरातल्या भेगेवर देवाचं कॅलेंडर टांगलं होतं. भेग वाढली की पुढच्या वर्षी मोठं कॅलेंडर. मी ते उचलायला हात घातला तर म्हणाले, "ते नका हो काढू, त्याच्यावरच भिंत उभी आहे." ते सगळंच काही विनोदानं म्हणत नव्हते.

अशी कामं शेकड्यानं केली. त्यातली बहुतेक विसरलेय. पण टेकडीवरच्या त्या चर्चचं काम मात्र अजून जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की आधी हसूच येतं.

चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोलशेतच्या बाजूला, खाडीकडे तोंड करून एक टेकडी आहे, तिच्या माथ्यावर ते उभं होतं. वर जायला एक वळणाची पायवाट आणि दगडी पायऱ्या. तिथले फादर बेंजामिन वसईचे. शुद्ध, ठाशीव मराठी बोलायचे आणि चर्चला कायम 'देऊळ' म्हणायचे. पहिल्या दिवशी मला जरा गोंधळल्यासारखं झालं, तर म्हणाले, "आमच्याकडे देऊळच म्हणतात, सुलभाताई. तुम्ही घाबरू नका, चपला बाहेर काढल्या नाहीत तरी चालेल."

ते देऊळ किती जुनं हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. फादर म्हणत, मूळचं पोर्तुगीजांच्या अमदानीतलं. मग ते पडलं, झाडीत गेलं, आणि गावातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी त्याच जोत्यावर पुन्हा उभं केलं. बाजूच्या भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस ऐसपैस बसावा. वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. आत शिरल्याबरोबर डोक्यावर गाणाऱ्यांसाठी लाकडी माळा. आणि या सगळ्याच्या पुढे दर्शनी भिंत. ती छपराच्याही वर बरीच चढलेली, दोन्ही खांदे गोलसर वळवून वर निमुळती होत गेलेली, माथ्यावर दगडी क्रूस. मधोमध गोल खिडकी, तिच्या चौकटीत काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले बसवलेले. सकाळी ऊन समोरून आलं की आतल्या बाकांवर दुधाळ उजेड पडे. खाली कोनाड्यात मारियामाउलीची मूर्ती. असली भिंत काढायला बसले असते तर मला कागदावरही ती इतकी सुबक साधली नसती, हे मी तेव्हाच मनात कबूल करून टाकलं.

पण दुखणंही त्याच भिंतीचं होतं. ती आणि बाजूच्या भिंती जिथे मिळतात त्या दोन्ही कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या होत्या. आत बोट जाईल एवढ्या. त्यात कोण्या हुशार माणसानं आधीच्या दुरुस्तीत चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंट थापलं होतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, जुनी दगडी भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते बाहेर टाकते. चुना तिला तेवढी मोकळीक देतो. सिमेंट देत नाही. मग पाणी आतच कोंडतं, भिंत फुगते, पापुद्रे सुटतात. नव्वद टक्के जुन्या इमारतींचं आजारपण हे असं औषधातूनच झालेलं असतं, पण हे बोललं की लोक आपल्याला वेडं समजतात.

चर्चच्या समितीचे प्रमुख लोबो म्हणून होते. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात फोरमन. मनानं अतिशय चांगला, पण घाईचा माणूस. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चर्च बांधलं तेव्हा गावात मूठभर घरं होती. आता वागळे इस्टेटमध्ये कामाला आलेली मंगलोरची, गोव्याची, केरळची माणसं आजूबाजूला राहत होती. रविवारी मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, अर्धी मंडळी बाहेर उभी राहत.

"मॅडम, माझी मम्मी बाहेर दगडावर बसून मिस्सा ऐकते, छत्री डोक्यावर घेऊन," लोबो म्हणाले. "फादरचा आवाज पण येत नाय तिला. हे बरोबर आहे काय? ही भिंत तशी पण पडणारच आहे. पाडून टाकू, पुढे सरकवू, मस्त आरसीसीचा फ्रंट घेऊ. टाइल्स लावू."

कोणत्या टाइल्स, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. वीटकरी रंगाच्या, चकचकीत. नमुना त्यांच्या स्कूटरच्या डिकीतच होता.

फादरना भिंत ठेवायची होती. पण ती डोक्यावर पडेल अशी भीती असताना ठेवा म्हणायची त्यांना छाती होत नव्हती. शेवटी दोघांनी मिळून प्रश्न माझ्यासमोर ठेवला, भिंत अजून हलतेय, की हलायची ती हलून थांबलीय? हलत असेल तर पाडायची. थांबली असेल तर ठेवायची, आणि जागा दुसरीकडून शोधायची. लोबोंनी हे फादरसमोर, हातावर हात मारून मान्य केलं.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची आमच्या धंद्यातली रीत फार साधी आहे. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवायची, आणि वाट बघायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच लवत नाही आणि खोटं बोलत नाही. एक पावसाळा जाऊ द्यायचा, कारण भिंतीला जे काय करायचं असतं ते ती पावसाळ्यात करते. मी दोन्ही कोपऱ्यांत आतल्या बाजूनं, छातीच्या उंचीवर एकेक पट्टी लावली. वर लावायला हवी होती, पण माळ्याच्या फळ्या तिथे भिंतीला अशा बिलगल्या होत्या की हातच जाईना. काचेवर लाल रंगानं तारीख आणि माझी सही टाकली आणि टोकांना सिमेंटचे दोन छान गोल गोळे बसवले. काम नेटकं करायची मला खोड आहे.

त्याच आठवड्यात जनीबाय टेकडी चढून आली.

आम्ही दर्शनी भिंतीला परांची बांधून बाहेरून तपासणी करत होतो आणि परांचीवर तरटं सोडली होती. खालच्या कोळीवाड्यातली ही बाई, अंगानं काटक, नऊवारी कासोटा घातलेला, धापा टाकत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. "बाय, तं कापर कार आदी! आमचे म्हाताऱ्याला घर दिसं नाय!"

मला काही उलगडेना. फादरनी हसत समजावलं. खाडीत ओहोटीला जागोजागी गाळ वर येतो, आणि होडी नेमक्या वाटेनं आणावी लागते. कोळीवाड्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या ही वाट टेकडीवरच्या पांढऱ्या भिंतीवरून धरत. भिंत किनाऱ्यावरच्या चिंचेच्या बरोबर डोक्यावर आली की सुकाणू वळवायचं. तरट लागलं त्या दिवशी जनीबायचा नवरा, नामा तांडेल, गाळात रुतून भरतीची वाट बघत बसला होता.

"बाकीचे कारखान्याची टाकी बगतान, दिवे बगतान," जनीबाय म्हणाली. "त्याचे डोल्यांत सारा आला, मोतीबिंदू. त्याला टाकी नाय दिसं, चिंच पन नीट दिसं नाय. ही येवरी मोठी पांढरी भित दिसते, तवरीच. ती नाय दिसली तं त्याची होरी बंद. न होरी बंद झाली तं तो घरान बसून मरंल. मना ठाव हाय ना तो."

मी तरट काढायला लावलं. मग ती आत आली, मारियामाउलीपुढे वाकली, आणि सवयीनं इकडेतिकडे फिरली. कोळीवाड्यातल्या बायका घरात गणपती-गौरी बसवत, आणि बुधवारी टेकडीवर मेणबत्तीही लावत. त्यात त्यांना वा फादरना काही विशेष वाटत नसे. फिरता फिरता तिला काच दिसली.

"ही कनाला लावलीस?"

मी सांगितलं. काच फुटली तर भिंत हलतेय असं समजायचं, आणि मग ती पाडणार. नाही फुटली तर राहणार.

"म्हंजे सगला हिचेवर हाय?"

"हो," मी म्हटलं. "सगळं हिच्यावर आहे."

तिनं काचेकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग हात जोडले. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं.

पावसाळा जोरात झाला. मी अंबरनाथ-कल्याणकडच्या गळत्यांमध्ये इतकी अडकले होते की टेकडीवर जाणं झालंच नाही. पाऊस ओसरल्यावर एका सोमवारी ऑफिसात लोबोंचा फोन आला. आवाजात आनंद नव्हता हे सांगायला हवं, पण सुटका होती. "मॅडम, दोन्ही काचा फुटल्या. दोन्ही. मी स्वतः बघितल्या. आता काय ते करून टाकू." आमच्या शेठनी लगेच मला भिंत पाडायच्या कामाचा अंदाज काढायला सांगितलं. मी हो म्हटलं आणि उगाच कितीतरी वेळ टेबल आवरत बसले. इमारतींच्या बाबतीत रडायचं नाही असा माझा नियम होता, पण त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी वर गेले. अंगणात लोबोंनी नव्या दर्शनी भागाच्या खुणा चुन्यानं आखूनही ठेवल्या होत्या. आत कोणी नसेल असं वाटलं होतं, पण डाव्या कोपऱ्यात, फुटक्या काचेसमोर, जनीबाय उभी होती. तिच्या पदराशी मेणबत्त्यांचं पुडकं होतं. एक पेटवून ती काचेच्या खाली, भिंतीतून जराशा पुढे आलेल्या दगडावर चिकटवत होती. बरोबर काचेच्या पोटाखाली. डोळे सुजलेले.

"बाय," ती म्हणाली, "मी काय चुकलू गं? पावसान पन चुकवला नाय. येक दिवस सोरून येक दिवस येतंय, दोनी बाजूना लावतंय. सांगतंय तिला, फुटू नको, माजे आये, फुटू नको. तरी कशी फुटली?"

मी काचेकडे बघितलं. मग खाली वाकून बघितलं. काचेची खालची कड काजळीनं काळी झाली होती. भिंतीवर काजळीची जीभ वर चढत गेली होती. त्या दगडावरून मेण ओघळून खाली जमिनीवर त्याची छोटी टेकडी झाली होती. आणि तडा! भिंत सरकून फुटलेली काच भेगेच्या रेषेत तुटते आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून जरा तरी दूर होतात. ही खालच्या कडेपासून वेडीवाकडी तडकली होती आणि तुकडे एकमेकांना चिकटून होते. उजवीकडची बघितली. तीही तशीच.

तिला कसं सांगावं ते मला कळेना. पण न सांगताही राहवेना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जनीबाय, भिंतीनं नाही फोडली ती. धगीनं फुटली. मेणबत्तीच्या."

तिनं पेटती मेणबत्ती फुंकरीनं विझवली आणि तोंडाला पदर लावला. "म्हंजे मी फोरली? मीच?"

ती जमिनीवर बसून अशी काही रडू लागली की मला फादरना हाक मारावी लागली. फादर आले, काजळी पाहिली, सगळं ऐकलं, आणि आधी त्यांनी जे केलं ते मला अजून आवडतं. ते मोठ्यानं हसले. मग जनीबायचा हात धरून तिला उठवत म्हणाले, "अगं बाई, तू देवाला सांगायला आली होतीस ना? मग देवापाशी लावायची. या पोरीच्या काचेला सांगून काय होणार होतं?"

संध्याकाळी कारखान्यातून लोबो आले. मी मनातून तयारीत होते, हा माणूस म्हणणार, फुटली म्हणजे फुटली, ठरलं म्हणजे ठरलं. त्यांनी काजळीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मेणाची टेकडी चपलेनं जराशी हलवून पाहिली. त्यात एक निळं मेण होतं. ते बघून त्यांचा चेहरा बदलला.

"ही निळी मेणबत्ती कोळीवाड्यातली नाय," ते हळूच म्हणाले. "ही आमच्या घरातली. मम्मी आणते माहीमवरून."

दुसऱ्या दिवशी कळलं ते असं. जनीबायनं पहिली मेणबत्ती लावली. तिचं पाहून आणखी दोघींनी लावली. फादरना आणि लोबोंना त्या दिसत, पण देवळात मेणबत्ती दिसली तर तिचं नवल कोणाला? आणि मग रविवारी मिस्सेला आलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, भिंतीत काचेआड काहीतरी बसवलंय, वर लाल अक्षरं आहेत, समोर मेणबत्त्या आहेत, म्हणजे कोणातरी संताची वस्तू असणार. लोबोंच्या मम्मीनं तर गुडघ्यासाठी नवसही बोलला होता. माझ्या सहीपुढे! माझं अक्षर इतकं पूजलं जाण्याची तीच पहिली आणि शेवटची वेळ.

"मम्मी, तू विचारायचं तरी ना, ते काय आहे!" लोबो तिच्यावर वैतागले.

"देवळात कोण विचारतं?" म्हातारी म्हणाली. "आणि माझा गुडघा बरा पण आहे."

जनीबायला हे कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आपण एकटीच नाही, याचा तिला इतका आनंद झाला की ती लोबोंच्या मम्मीला भेटायला ताजी कोलंबी घेऊन गेली.

पण प्रश्न होता तिथेच होता. काचा काहीच सांगत नव्हत्या. नव्या काचा लावून आणखी एक पावसाळा थांबायला हवं होतं. आणखी एक पावसाळा म्हणजे आणखी एक पावसाळा लोबोंच्या मम्मीनं छत्रीत बसायचं. मी ते बोलायला कचरत होते. लोबोच म्हणाले, "लावा. पण या वेळी माझ्या पद्धतीनं." त्यांनी कारखान्यातून जाळीचे दोन पिंजरे करून आणले, कुलूपवाले, आणि काचांवर ठोकले. शिवाय स्वतः सुट्टीच्या दिवशी कामगार पोरं घेऊन येऊन चर्चच्या बाजूला पत्र्याची शेड उभारली, म्हणजे मंडळी निदान कोरडी बसतील.

पिंजऱ्यांनी मात्र उलटंच केलं. कुलपात ठेवलेली वस्तू म्हणजे भलतीच मोलाची असणार, अशी आता लोकांची खातरी झाली. पहिल्याच रविवारी एका पिंजऱ्याला मोगऱ्याचा गजरा दिसला, दुसऱ्यात कोणीतरी चिठ्ठी सारली होती. मग फादरनी मिस्सेत, वेदीवरून जाहीर केलं, "बंधुभगिनींनो, कोपऱ्यातली वस्तू ठाण्याच्या काचवाल्याकडून आणलेली साधी काच आहे. ती कोणाचंही भलं करणार नाही. कृपा करून तिला एकटी सोडा." लोक हसले. तरी फादर सांगत, काही बायका जाता जाता लांबूनच नमस्कार करत.

तो पावसाळा मी दर आठवड्याला वर गेले. शेठनी विचारलं, रोजचं काम कोण करणार? मी म्हटलं, करते ना. वाऱ्यापावसात ती उंच भिंत छपराच्या वर एकटी उभी असायची आणि मी आत पिंजऱ्यात टॉर्च मारून बघत असायचे. जनीबाय शेडच्या कडेला बसून माझ्या तोंडाकडे बघे. मी मान हलवली की ती खाली जाई. नामा तांडेलची होडी चालू होती. जेवढे दिवस काच टिकेल तेवढे दिवस ती चालणार होती.

शेवटी पाऊस गेला, ऊन कडक झालं, आणि एका रविवारी मिस्सेनंतर लोबोंनी दोन्ही पिंजऱ्यांची कुलपं काढली. फादर होते, जनीबाय होती, मम्मी खुर्चीवर बसून होती. लोबोंनी रुमालानं काचेवरची धूळ पुसली आणि टॉर्च लावून डोळा अगदी जवळ नेला. दोन्ही बाजूंनी बघून झाल्यावर ते सरळ उभे राहिले.

"एक ओरखडा पण नाय," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "चला मॅडम. भिंत तुम्हाला दिली. आता मला माझी जागा कुठून देता ते सांगा."

जनीबाय उठून थेट मूर्तीपुढे गेली, कोपऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

जागा बाजूनं निघाली. जाड भिंतींमध्ये जिथे खिडक्या होत्या तिथे खालपर्यंत कमानी मोकळ्या केल्या आणि दोन्ही अंगांना कौलारू पडव्या काढल्या. पत्र्याच्या शेडपेक्षा किती तरी देखण्या. सिमेंटचा गिलावा उतरवला तेव्हा त्या भेगांचंही कोडं सुटलं. भेगेच्या आत, बाजूच्या दोन्ही भिंतींच्या पुढच्या तोंडांना जुनी सफेदी होती. म्हणजे बाजूच्या भिंती आधी बांधून, रंगवून पूर्ण झाल्या होत्या, आणि दर्शनी भिंत पुढे कधीतरी, हातात चार पैसे आल्यावर, समोर आणून उभी केली होती. दगडात दगड अडकवलाच नव्हता. ती तुटली नव्हती, कधी जोडलीच नव्हती. कोणत्या पिढीनं, किती हौसेनं ती उभारली असेल कोण जाणे. आम्ही आरपार लोखंडी पट्ट्या घालून तिला मागच्या भिंतींशी बांधली आणि वर पुन्हा चुन्याचा गिलावा केला. लोबोंचा टाइल्सचा नमुना आम्ही संडासाला वापरला, त्यांच्या संमतीनं.

सफेदी करायच्या वेळी कोळीवाड्यानं हट्ट धरला, चुना आमचा. त्यांनी शिंपले भाजून चुना दिला. पहिला हात झाला. मला तो झकास वाटला. दुपारी खालून निरोप आला, नामा तांडेल खाडीतून बघून आला, त्याला पिवळट दिसते. दुसरा हात दिला. पुन्हा निरोप, डावा खांदा अजून मळका. आयुष्यात एवढे आर्किटेक्ट बघितले, पण अर्ध्या कोसावरून, पाण्यातून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी काम तपासणारा दुसरा भेटला नाही. तिसऱ्या हाताला निरोप आला नाही. त्याऐवजी खालून भली मोठी पापलेटं आली.

हे सगळं ऐंशीच्या दशकातलं. नव्वदच्या शेवटी शेवटी मी फर्म सोडून स्वतःची छोटी कामं घेत होते, तेव्हा एकदा कोलशेतला जाणं झालं. रस्त्यावरून टेकडी शोधावी लागली. तिच्या आणि खाडीच्या मध्ये टॉवर उभे राहिले होते, आणखी दोन उभे राहत होते. मी मुकाट्यानं वर चढले. भिंत पांढरी होती. सुरेख होती. पण तिच्यासमोर आता खाडी नव्हती, फक्त बाल्कन्या होत्या, त्यात वाळत घातलेले कपडे. मला फार वाईट वाटलं. एवढा आटापिटा करून आपण भिंत ठेवली ती ज्याच्यासाठी, त्यालाच ती आता दिसत नव्हती.

अंगणाच्या कठड्यापाशी जनीबाय होती. खूप म्हातारी झालेली. मला ओळखून तिनं गालावरून हात फिरवला. नामा कसा आहे विचारलं. "हाय. पोरगा होरी चालवतं, हा नुसता होरीन बसतं. घरान ठेवला तं कावतं."

"आणि भिंत?" मी विचारलं. "आता खाडीतून दिसत नाही ना?"

"नाय दिसं."

"मग तू एवढी चढून वर कशाला येतेस?"

तिनं मला हाताला धरून दर्शनी भिंतीच्या अगदी एका टोकाला नेलं. तिथून, दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून, खाडीची एक बारीक पट्टी दिसत होती. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"पयले ही होरीला सांगं, घर कयां हाय तं," ती म्हणाली. "आता मी येऊन हिला सांगतंय, होरी कयां हाय तं. तिला पन काळजी आसंल ना."

आम्ही दोघी त्या फटीतून बघत राहिलो. मग तिनं बोट दाखवलं. "ती बग."

मला राखाडी पाणी दिसत होतं, त्यावर ऊन, आणि पलीकडचा चिखल. होडी काही दिसली नाही. जनीबायनं हात मागे नेऊन चुन्यावर हलकेच थोपटलं.

"आले हां, आले," ती म्हणाली. ते मला सांगितलेलं नव्हतं.